तुमचा देवाशी धरलेला अबोला

अहो, आधी हेच सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल. तुमच्या मातीला भांडण झालं.

ज्या माणसानं अख्ख्या गल्लीची भांडणं मिटवली, त्याच्या पेटीला पुढचा खांदा कुणी द्यायचा यावरून दफनभूमीच्या फाटकातच जुंपली. आणि कुणात? खालच्या मजल्यावरच्या नरसम्मा अक्काच्या नवऱ्यात आणि दिरात. पेटीची पुढची डावी बाजू चर्चच्या मंडळीतल्या एकानं धरलेली, आणि उजव्या बाजूवर या दोघांचेही हात. व्यंकटेश म्हणतो, थोरला मी, पुढं मी. श्रीनिवास म्हणतो, अण्णांनी मला पोटच्या पोरासारखं वागवलं, पुढं मी. एकीकडे तेलुगूत वाद, दुसरीकडे मंडळी गीत म्हणतायत, आणि मधे पेटीत तुम्ही. आयुष्यात पहिल्यांदाच शेजारी भांडण चालू होतं आणि तुम्ही गप्प होता.

शेवटी वाघमारे पुढं झाले. उभी नोकरी तुम्ही दोघांनी एकाच एसटीत काढली, ते पुढं स्टिअरिंगवर आणि तुम्ही मागं घंटीच्या दोरीला, तेव्हा हक्क त्यांचाच.

“ए, थांबा,” ते म्हणाले. “शमुवेल काय म्हनायचा? ज्याची चूक न्हाय, त्यानं आदी माघार घ्यायची. आता सांगा, तुमच्यात चूक कुनाची न्हाय?”

“माझी नाही!” दोघं एकदम म्हणाले, आणि दोघंही एकदम मागं सरले.

उजव्या बाजूला कुणीच उरलं नाही. पेटी अशी कलली की चर्चच्या पाळकसाहेबांनी ‘मातीला माती’ म्हणायच्या आधीच तुम्ही मातीला लागला असता. वाघमाऱ्यांनी झेप घेऊन खांदा लावला, आणि अशा रीतीनं पुढचा खांदा त्यांना मिळाला. मला अजून संशय आहे की त्यांचा बेत पहिल्यापासून तोच होता. मी तोंडाला पदर लावला. बायकांना वाटलं, बाईंना हुंदका आला. हुंदका होताच हो, पण त्याला ढकलून हसू पुढं आलं होतं.

नंतर बोलणारे चांगलंच बोलले. शमुवेल गायकवाड म्हणजे शांतीचा माणूस, तुटलेली मनं जोडणारा माणूस. खोटं कुणीच बोललं नाही. पण खरी गोष्टही कुणी काढली नाही. साऱ्या जगाचे समेट घडवणारा हा माणूस दहा-बारा वर्षं खुद्द देवाशी बोलत नव्हता, हे मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मेलेल्या माणसाबद्दल असं कोण काढणार? मी काढते. मला तो हक्क आहे. त्या अबोल्यात इकडचे निरोप तिकडं पोचवायचं काम मीच केलं.

सगळं आमोसपासून सुरू झालं. तुमचा धाकटा भाऊ. मी सांगोल्याहून लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा आणि माझी भाकरी जाड असते अशी तुमच्याकडं चहाडी करायचा. आपल्याला मूल झालं नाही, आणि खरं सांगायचं तर ते फारसं जाणवलंही नाही, कारण आमोसच घरभर पुरायचा. मोठा होऊन डेपोत मेकॅनिक झाला तरी ग्रीसचे हात माझ्या पदराला पुसायचा. त्याचं लग्न जमवायचं म्हणून मी मुली बघत होते, आणि तो कावीळ घेऊन आडवा झाला.

दवाखान्याच्या आवारात तुम्ही प्रार्थना केलीत तशी मी माझ्या प्रचारक बापालाही करताना पाहिली नाही. त्यात तुम्ही चहा सोडलात. मी म्हटलं, लोक उपास करतात. तर तुम्ही म्हणालात, “जेवन सोडून काय उपेग? तुझ्या हातचं जेवन सोडलं तर देवाला त्यात काय कळनार? चहा सोडतो. म्हंजे त्याला समजंल की हा मानूस मनापासनं मागतोय.” अशा वेळीसुद्धा माझ्या स्वयंपाकाला टोमणा मारायचं तुम्ही सोडलं नाहीत. दवाखान्याबाहेरच्या टपरीवरून उकळत्या चहाचा वास यायचा आणि तुम्ही तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसायचात.

आमोस गेला. त्याला पोचवून आपण घरी आलो. तुम्ही खुर्चीत बसलात आणि म्हणालात, “चहा टाक.” एकामागून एक तीन कप प्यालात. मग कप खाली ठेवलात.

“त्याला सांग, आपलं संपलं.”

“कुणाला?”

“तुझ्या प्रभूला.”

त्या दिवसापासून तो माझा प्रभू झाला. माझे वडील सांगोल्याकडच्या खेड्यांतून सायकलवर सुवार्ता सांगत फिरायचे, माझं नावही त्यांनी सुवार्ताच ठेवलं, म्हणून तुमच्या हिशेबी देव माझ्या माहेरचा. जावयानं मेहुण्यावर रुसावं तसे तुम्ही त्याच्यावर रुसलात. त्याच्या नावानं काही बोलायचं झालं तर माझ्याकडं बघून बोलायचात. “तुझ्या प्रभूला म्हनावं, मंद्रूपकडं पाऊस पडतोय, हितं काय आमी पाप केलंय?” मी म्हणायची, तुम्हीच सांगा. “मी कशाला सांगू? आमचं बोलनं न्हाय.”

जेवायला बसलो की तुम्ही भाकरी मोडायचा नाहीत. माझी प्रार्थना होईपर्यंत थांबायचात, पण डोळे उघडे ठेवून. एकदा मी मुद्दाम लांबवली. आजारी, विधवा, अनाथ, तुरुंगातले, परदेशातले, कुणी सोडलं नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, “त्याला इचार, पिठलं गार झालेलं चालतंय का.” नाताळात मात्र सगळ्यात मोठी चांदणी आपल्याच गच्चीवर. वायर ओढायला तुम्ही स्वतः चढायचात. मी विचारलं की म्हणायचात, “ही सजावट हाय. सजावट म्हंजे बोलनं न्हाय.”

आणि रविवार! अबोला धरलेला माणूस देवळाकडं फिरकत नाही, हे मला समजलं असतं. पण तुम्ही एक रविवार चुकवला नाहीत. देवाशी भांडण आहे, बायकोशी नाही, असं म्हणून मला स्कूटरवरून चर्चला सोडायचात, आणि उपासना संपेपर्यंत आवारातल्या कडुलिंबाखाली स्कूटरवरच बसून पेपर वाचायचात. भोंग्यावरून आतलं सगळं ऐकू यायचं. परत येताना रस्ताभर पाळकांच्या संदेशातल्या चुका काढायचात. आत बसून जांभया देणाऱ्या आम्हा बायकांपेक्षा तुमचं ध्यान जास्त होतं.

बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर तर तुम्ही स्कूटर रस्त्याच्या कडेला घेऊन भांडलात. “धाकटा सगळं उडवून आला तर त्याला वासरू कापून जेवन, आन थोरला राबराब राबला त्याला शेरडाचं पिल्लू बी न्हाय? थोरला घराबाहेर उबा राहिला ते बरोबरच केलं त्यानं.”

मी म्हटलं, “पण बाप बाहेर आला ना त्याची समजूत घालायला.”

तुम्ही स्कूटरला किक मारलीत. ती सुरू झाली नाही. पुन्हा मारलीत. माझ्याकडं न बघता म्हणालात, “प्लग गेलाय.”

वाघमारे संध्याकाळी यायचे तेव्हा मी त्यांच्याकडं तक्रार करायची. त्यांचं घर बुद्धविहारासमोर, देवबिव ते मानत नाहीत, आणि तसं स्पष्ट सांगतात. एकदा ते तुम्हाला म्हणाले, “शमुवेल, मी देव मानत न्हाय, तर माझं त्याच्याशी काय बी भांडन न्हाय. मी सुखी. तू म्हंतोस बोलत न्हाय, आन दिवसभर त्याचंच काढतोस. ह्याला अबोला म्हनत न्हाईत. ह्याला सौंसार म्हनतात.” तुम्ही आठवडाभर त्यांच्याशीही बोलला नाहीत.

मग आपल्याकडं नवे पाळक आले. अक्कलकोटकडचे, तरुण, घरी कानडी बोलणारे, त्यामुळं मराठी बोलताना प्रत्येक वाक्याला ‘की’ लावणारे. पहिल्याच रविवारी उपासना झाल्यावर ते लिंबापाशी आले. मला वाटलं, आता तुम्हाला शास्त्र सांगणार, आणि तुम्ही त्यांना एसटीतल्यासारखं पुढच्या स्टॉपवर उतरवणार. त्यांनी एवढंच विचारलं, “काका, हितं नीट ऐकू येतंय की?” आणि पुढच्या रविवारी भोंग्याचं तोंड लिंबाकडं वळवलेलं होतं.

परीक्षेचे दिवस आले तसा भोंगा बंद झाला. तुम्ही तडक पाळकांना गाठलंत.

“आवाज येत न्हाय.”

“मग आत या की काका.”

“आत यायचं न्हाय. ऐकायचंय.”

“बोलणं नाही तर ऐकायचं कशाला?”

“चुका काढायला.”

ते हसले नाहीत, हे मला त्यांचं फार आवडलं. “बरोबर आहे की,” म्हणाले, “चुका काढायला कुणीतरी पाहिजेच,” आणि व्हरांड्यात दाराला लागून एक खुर्ची टाकून दिली. तुम्ही तिच्याकडं बघितलं नाहीत. पण सोलापूरचं ऊन. लिंबाची सावली उन्हाळ्यात दहा वाजता कुठं जाते कुणास ठाऊक. स्कूटरची सीट तव्यासारखी तापली. तुम्ही व्हरांड्यात आलात, खुर्चीत बसलात, आणि घरी जाताना मला म्हणालात, “ऊन त्यानंच पाठवलंय. ही लबाडी हाय. कळतंय मला.”

आता तुमच्यात आणि आतल्या बाकांत फक्त एक उंबरा होता. तुम्ही तो वर्षभर ओलांडला नाहीत.

त्याच सुमाराला खाली चटणीचं प्रकरण झालं. नरसम्मा अक्काची जाऊ लक्ष्मी भर दुपारी उखळात शेंगांची चटणी कुटायची. अक्काचा नुकताच डोळा लागलेला असायचा. एके दिवशी अक्कानं जाऊन मुसळ धरलं, लक्ष्मीनं अपशब्द वापरला, आणि दोन चुली, दोन दारं, दोन नळाच्या वेळा झाल्या. पुष्कळ दिवस गेले. शेवटी अक्का वर आली आणि पायरीवर बसून रडायला लागली.

“अण्णा, शिवी तिनं दिली. न्याय करा.”

तुम्ही म्हणालात, “अक्का, चूक तिचीच हाय. तुमची न्हाय. म्हनून तुमीच जायचं.”

“अय्यो! चूक तिची आणि जाऊ मी?”

“व्हय. ज्याची चूक असती ना, त्याला उंबरा लई उंच वाटतो. पाय उचलत न्हाय. त्यो तिकडंच बसून कुडतो आन कुडून कुडून अजून वाईट बोलतो. ज्याची चूक न्हाय त्याचे पाय हलके असत्यात. त्यानं जायचं.”

अक्का गेली. तासाभरानं खालून दोघींच्या रडण्याचा आवाज आला आणि संध्याकाळी डबाभर चटणी वर आली. तुम्ही भाकरीवर चटणी घेऊन, तेल सोडून, विजयी वीरासारखे बसलात. मी समोर बसले होते. ती संधी मी वर्षानुवर्षं शोधत होते.

“अहो, एक विचारू? आमोसच्या बाबतीत चूक कुणाची? देवाची ना?”

“व्हय.”

“म्हणजे तुमची नाही.”

“न्हाय.”

“मग तुमच्याच नियमानं आधी कुणी जायचं?”

तुमचा घास तोंडात थांबला. चटणी तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं, पण तुम्ही ठसका दाबलात.

“आन चूक माझी असली तर?” तुम्ही विचारलंत. मी तसं काही सुचवायच्या आधी तुम्हीच विचारलंत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

“तर त्यानं यायचं. आणि तो आलाच आहे की. ज्याची काही चूक नव्हती तोच चालत आला. आपण त्याला वधस्तंभावर खिळून ठेवलं, तरी तो तिथूनसुद्धा हेच म्हणतो, चला, मिटवून टाकू. माझ्या बापानं खेडोपाडी सायकलवरून दुसरं काय सांगितलं? माणसानं देवाला मनवायचं नाही, देवच माणसाला मनवायला आलाय.”

“म्हंजे मी गेलो तरी हरलो, आन बसून राहिलो तरी हरलो?”

“हरायचं काय त्यात?”

तुम्ही ताट सरकवलंत. “आज कळलं,” म्हणालात, “तू प्रचारकाची पोरगी हाईस ते.” आणि हात धुवायला उठलात. मला वाटलं, मी जिंकले. फार आनंदात भांडी घासली मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीच्या जिन्यात शेंगा फोडत बसले होते. तुम्ही येऊन खालच्या पायरीवर बसलात आणि फोडू लागलात. फोडत होता कमी, खात होता जास्त. मी ओरडणारच होते, तेवढ्यात तुम्ही बोललात.

“आमोसनं मला आदीच सांगितलं हुतं.”

“काय?”

“अन्न जात न्हाय, मळमळतंय म्हनून. मी म्हनलं, ड्युटी चुकवायला नाटकं करतोस व्हय रं? मग त्यो परत बोललाच न्हाय. पिवळा पडला तवा मलाच पयल्यांदा दिसला. डाक्टर म्हनले, लवकर आनायला पायजे हुतं. तू तवा औषध आनायला गेलती.”

इतकी वर्षं तुम्ही ते वाक्य एकट्यानं सांभाळलंत, आणि मी शेजारच्या उशीवर झोपत होते.

“देवावर राग धरला की,” तुम्ही म्हणालात, “तेवढा येळ माझ्यावर धरायला लागत नव्हता. पन काल तू बोललीस आन मला दिसलं. रुसलेला मी न्हायच. चुकलेला मी हाय. मलाच उंबरा उंच वाटत हुता.”

“मला तरी सांगायचं हो.”

“तुला कसं सांगनार? तू त्याच्या बाजूची.”

एरवी मी याला उत्तर दिलं असतं. त्या दिवशी सोललेल्या शेंगदाण्यांची मूठ तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही ती खाल्ली नाहीत. धरून बसलात.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलात आणि निघताना वाघमाऱ्यांच्या घरासमोर स्कूटर थांबवून हाक मारलीत, “चल रं.” ते लुंगीतच बाहेर आले. “मी कशाला तुमच्या चर्चात?” “भांडन मिटायचंय. साक्षीदार पायजे.” ते आत गेले, पँट घालून आले आणि सायकलवर मागून निघाले.

तुम्ही व्हरांड्यात आलात. खुर्ची होती. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून थोडे थांबलात. मग उंबरा ओलांडलात आणि शेवटच्या बाकाशी जाऊन, गीत चालू असताना, सवयीनं म्हणालात, “सरका, आत सरका, मागं जागा हाय.” अख्खं बाक निमूटपणे सरकलं. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं तुम्ही विसरला होता. ते वाघमाऱ्यांनी काढलं.

भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या आधी पाळक म्हणाले, कुणाला प्रार्थना करायची असेल तर करावी. नेहमी उठणारे नेहमीप्रमाणे उठायच्या बेतात होते. मागून आवाज आला, मोठा, खणखणीत, डेपोत गाडी फलाटाला लागल्यावर यायचा तसा.

“प्रभू, शमुवेल बोलतोय.”

पहिल्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मग हसू मागपर्यंत पसरलं. पाळकांनी पुस्तक तोंडापुढं धरलं. तुम्हीही हसलात. मग तुमचा आवाज बदलला.

“आमोसचं माझं चुकलं. मी त्याचं ऐकलं न्हाय, आन राग तुझ्यावर काढला. तू दारात येऊन उबा हुतास, मला दिसत हुतास. मी बघून न बघितल्यासारखं केलं. तरी तू गेला न्हाईस. आता मिटवून टाक. मला मिटवता येत न्हाय. दुसऱ्याचं येतंय, माझं येत न्हाय.”

आमेन म्हणायचं तुम्हाला सुचलं नाही. तुम्ही नुसते उभे राहिलात. कुणालाच कळेना, संपलं की अजून आहे. मग वाघमारे मोठ्यानं म्हणाले, “मिटलं. बस आता.” तुम्ही बसलात. आणि पाळकसाहेब, जे पंधरा मिनिटांचं काही बोलायची तयारी करून आले होते, ते म्हणाले, “ह्याच्यावर मला काही बोलायचं नाही,” आणि भाकर मोडली.

त्यानंतर काय झालं ते मात्र तुम्ही लोकांना कधी सांगितलं नाहीत. त्यानंतर माझे हाल झाले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं तुम्ही जेवणाआधी बोलायला लागलात. डेपोतली बढती, रस्त्यावरचे खड्डे, व्यंकटेशचा गुडघा, माझी भाकरी, हो, तीही, सगळं प्रभूच्या कानावर. माझं वरण गार व्हायचं आणि मी एक डोळा उघडून बघायची. तुमचे दोन्ही मिटलेले असायचे.

आमोसचं नावही तुम्ही मोकळेपणी घ्यायला लागलात. पण आपला एक वाद राहिलाच. तुम्ही म्हणायचात, वर गेल्यावर मी आमोसचा जाब विचारणार आहे. मी म्हणायची, समेट झाल्यावर जाब कसला? “समेट झाल्यावरच इचारता येतो की,” तुम्ही म्हणायचात. “भांडनात कोन उत्तर देतंय? आदी मी इचारत नव्हतो, नुसता वरडत हुतो. माझं चुकलं ते चुकलं, त्याची माफी मिळाली. पन पोरगं इतकं लवकर का नेलं, एवढं त्यानं मला सांगावं. दोस्तीत.” मी म्हणायची, हा विश्वास नाही. तुम्ही म्हणायचात, हाच विश्वास. हा वाद आपण किती दुपारी घातला! कुणीच हरलं नाही. एव्हाना तुम्ही विचारलं असेल. काय उत्तर मिळालं ते कळवायची काही सोय नाही, याची मला रोज चुटपुट लागते.

शेवटच्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सनं तुम्हाला विचारलं, “आजोबा, भीती वाटतेय का?” छातीत कळा येत होत्या, तोंडावर मास्क होता. तुम्ही तो बाजूला केलात, ती रागावली तरी. “कशाची भीती? जुनं भांडन मिटवून ठेवलंय. आता नुसतं भेटायचं.” मग माझ्याकडं बघितलंत. काहीतरी म्हणणार होता. नर्सनं मास्क परत लावला.

मीही म्हणणार होते. ते राहिलं. आता म्हणते.

आमोस गेला तेव्हा राग मलाही आला होता. तो माझा पोरगा होता. त्याच्या ग्रीसचे डाग माझ्या पदरावर होते, तुमच्या सदऱ्यावर नव्हते. मलाही म्हणायचं होतं, संपलं आपलं. पण तुम्ही आधी म्हणालात. एका घरात दोघांनीही देवाशी अबोला धरला तर देवाशी बोलणार कोण? म्हणून मी बोलत राहिले. रोज सकाळी, जेवणाआधी, रविवारी. सगळ्यांना वाटलं, सुवार्ताबाईंचा विश्वास केवढा. मी त्याच्याशी बोलायची ते भिशीतल्या बायकांशी बोलावं तसं, बरं आहे, छान आहे, आभारी आहे. तुम्ही व्हरांड्यात होता, पण खरे होता. मी आत बाकावर बसून त्याच्याशी नुसती सभ्यपणानं वागत होते. तुमचा समेट झाला तेव्हा मी आनंदानं रडले, आणि मनात कुठंतरी वाटलं, यांचं मिटलं, माझं तर अजून भांडणसुद्धा झालं नाही.

आणि मग त्यानं तुम्हालाही नेलं.

पाळकसाहेब भेटायला आले होते. “काकू, प्रार्थना करू या की,” म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही करा, मला येत नाही. ते आग्रह न करता बसून राहिले, अर्धी भाकरी खाल्ली, जाड आहे असं म्हणाले नाहीत. चांगला माणूस आहे.

काल दुपारी तुमचे सदरे काढत होते. वाघमाऱ्यांना द्यायचे म्हणून घडी घालत होते. एकाएकी काय झालं कुणास ठाऊक, मी तो सदरा कॉटवर आपटला आणि बोलायला लागले. मोठ्यानं. आमोसपासून सुरुवात केली. मग मूल न झाल्याचं निघालं, ज्याचं मला काहीच वाटत नाही असं मी जगाला सांगत आले होते. ते केवढं वाटलं होतं, अहो! मग तुमचं. मी म्हटलं, दोघांना नेलंस, आता मी कुणाला भाकरी जाड करू? मी रडत होते, ओरडत होते, इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण पोरांवरही ओरडले नसेन असं ओरडत होते. त्याच्याशी इतकं मन उघडून मी जन्मात बोलले नव्हते. आणि गंमत बघा, बोलता बोलता मला जाणवलं की कुणीतरी ऐकतंय. उत्तर देत नव्हतं, समजूत घालत नव्हतं. उठूनही जात नव्हतं.

नरसम्मा अक्का धापा टाकत जिना चढून आली. हातात मुसळ. लक्ष्मी मागं.

“टीचर! काय झालं? एवढं कुणाला बोलताय? कोण आलंय घरात?”

मी डोळे पुसले. म्हटलं, “काही नाही अक्का. घरचंच माणूस आहे.”